कराटेचा उगम: बोधिधर्म, शेतकरी आणि शुरीचे दरबारी नोकरदार

प्रश्न असा आहे: कराटे नेमकं आलं कुठून? एका क्लासमध्ये सांगतात की कांचीपुरमच्या बोधिधर्माने ही विद्या चीनला नेली आणि तिथून ती जपानला पोचली. दुसरीकडे सांगतात की हत्यारं काढून घेतलेल्या ओकिनावाच्या शेतकऱ्यांनी सामुराईंशी लढण्यासाठी ती शोधून काढली. तिसरे म्हणतात की कराटे म्हणजे जपानी कला, त्यात शोधायचं काय? यातलं खरं कोणतं?

मी बरीच वर्षं कराटे शिकवतो. नवी बॅच सुरू झाली की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि विचारणारे बहुतेक वेळा पालक असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थोडक्यात. कराटे ओकिनावाचं आहे. आज जपानचा दक्षिण टोकाचा प्रांत असलेली ही बेटं १८७९ पर्यंत र्‍युक्यू नावाचं वेगळं राज्य होती. तिथली स्थानिक हाताची विद्या आणि समोरच्या किनाऱ्यावरच्या चीनच्या फुजियान प्रांतातल्या लढाईच्या पद्धती, यांच्या मिश्रणातून कराटे घडलं. घडवणारे शेतकरी नव्हते, दरबारी नोकरदार होते. आणि आपण आज जे कराटे म्हणतो, म्हणजे रांगेत उभं राहून ‘इची, नी, सान’च्या (एक, दोन, तीनच्या) तालावर मारलेले पंच, गी हा पांढरा पोशाख, कमरेचा पट्टा, त्यातलं जवळजवळ सगळं १९०१ नंतरचं आहे.

आता बोधिधर्माबद्दल. हा मुद्दा आपल्याकडे भावनेचा होतो, त्यामुळे पुरावे नीट बघायला हवेत. बोधिधर्माचा सर्वात जुना उल्लेख इ. स. ५४७ च्या सुमारास लिहिलेल्या, लोयांग शहरातल्या मठांचं वर्णन करणाऱ्या एका चिनी ग्रंथात येतो. त्यात तो पश्चिमेकडून आलेला, पर्शियाचा भिक्षू म्हटला आहे. नंतरच्या लिखाणात तो दक्षिण भारतातल्या राजाचा मुलगा होतो. यांपैकी कुठेही त्याने कुणाला ठोसे किंवा लाथा शिकवल्याचं लिहिलेलं नाही. त्याचा संबंध आहे तो ध्यानाशी. चीनमधल्या शाओलिन मठात त्याने भिक्षूंना व्यायाम शिकवला ही गोष्ट स्नायू बळकट करण्याच्या एका चिनी पोथीतून पसरली. ती पोथी सतराव्या शतकातली, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेली. तिच्या प्रस्तावनेतली जुनी नावं आणि तारखा बनावट आहेत हे चिनी अभ्यासकांनीच दाखवून दिलं आहे.

शाओलिनचे भिक्षू लढत होते यात शंका नाही. इ. स. ६२१ मध्ये त्यांनी पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनला मदत केली आणि त्याचा दगडी लेख मठात आजही उभा आहे. पण त्यांचं नाव गाजलं ते काठीसाठी. आणि ही काठीची विद्या कुणी दिली असं ते स्वतः सांगत होते? बोधिधर्माने नाही, किन्नर या बौद्ध देवतेने. सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या लिखाणात हीच कथा सापडते. म्हणजे मठातल्या लोकांच्या स्वतःच्या आठवणीतही बोधिधर्म हा लढाईचा गुरू फार उशिरा झाला.

आपल्याकडची वज्रमुष्टी, कलरीपयट्टू या लढण्याच्या विद्यांचाही असाच दाखला दिला जातो. जेठीमल्लांच्या वज्रमुष्टीला एकोणिसाव्या शतकात बडोद्याच्या गायकवाडांचा आश्रय होता, म्हैसूरच्या दसऱ्यात ती खेळली जात होती. ती खरी आणि जुनी विद्या आहे आणि तिचा अभ्यास तिच्यासाठीच व्हायला हवा. पण तिच्यापासून ओकिनावातल्या नाहा बंदरापर्यंत जोडणारा एकही दुवा, एखादं नाव, एखादी नोंद सापडलेली नाही. बौद्ध धर्म इथून तिकडे गेला हे निर्विवाद आहे. त्यावरून लढण्याची विद्याही त्याच्यासोबत गेली असं ठरत नाही. आपल्या परंपरेचा अभिमान बाळगायला दुसऱ्याची परंपरा आपल्या नावावर करण्याची गरज नाही, असं मला मनापासून वाटतं.

या बाबतीत सर्वात वजनदार साक्ष खुद्द ओकिनावातली आहे. इतोसू आंको या गुरूंनी ऑक्टोबर १९०८ मध्ये कराटेविषयी दहा मुद्द्यांचं एक पत्र लिहिलं. त्याची सुरुवातच अशी आहे की ही विद्या बौद्ध किंवा कन्फ्युशियसच्या मार्गातून आलेली नाही; शोरिन आणि शोरेई या दोन शाखा पूर्वी चीनमधून आल्या. कराटे शाळेत नेणारा माणूस स्वतः हे सांगतो आहे. त्यानंतरही दारुमाची, म्हणजे बोधिधर्माची, कथा टिकली, कारण इतोसूंचेच शिष्य फुनाकोशी गिचिन यांनी ती आपल्या १९३५ च्या पुस्तकात घेतली आणि ते पुस्तक पुढे जगभर वाचलं गेलं.

आता शेतकऱ्यांच्या गोष्टीकडे वळू. त्यासाठी र्‍युक्यू हे राज्य कसं होतं ते समजून घ्यावं लागेल.

ओकिनावा बेटावर आधी तीन राज्यं होती. १४२९ मध्ये शो हाशी या राजाने ती एक केली आणि शुरी ही राजधानी झाली. त्याआधीच, १३७२ पासून, चीनच्या मिंग दरबाराशी नजराण्याचे संबंध सुरू झाले होते. र्‍युक्यूकडून गंधक आणि घोडे जायचे, बदल्यात व्यापाराची मुभा मिळायची. या छोट्या राज्याची जहाजं सयाम, मलाक्का, जावापर्यंत फिरत. १४५८ मध्ये शुरीच्या राजवाड्यासाठी ओतलेल्या घंटेवर लिहिलेलं आहे की आपलं राज्य सगळ्या देशांना जोडणारा पूल आहे. १३९२ पासून फुजियानमधली चिनी कुटुंबं नाहा बंदराजवळ कुमेमुरा या वस्तीत राहायला आली. ती दुभाषे, खलाशी, जहाजबांधणी करणारे, कागदपत्रं लिहिणारे अशी माणसं होती. पिढ्यानपिढ्या ती तिथेच राहिली. चीनमधलं जे काही र्‍युक्यूत येई, ते बव्हंशी या वस्तीच्या दारातून येई.

हत्यारबंदीची गोष्ट दोन ठिकाणांहून येते. पहिली म्हणजे शो शिन या राजाचा काळ. १५०९ च्या एका कोरीव लेखात त्याच्या कारकिर्दीचं कौतुक आहे आणि त्यात तलवारी व धनुष्यबाण राज्याच्या रक्षणासाठी साठवल्याचं वाक्य आहे. याचा अर्थ काही अभ्यासकांनी ‘हत्यारं जप्त केली’ असा लावला. पण त्याच लेखात शस्त्रसज्जतेत आपण इतर देशांच्या पुढे आहोत अशी बढाईही आहे. लोकांना निःशस्त्र केल्याचं हे वर्णन वाटत नाही. राजाने सरदारांना त्यांच्या गढ्यांमधून काढून शुरीत आणून बसवलं आणि हत्यारं एका ताब्यात घेतली, इतकंच त्यातून ठामपणे निघतं.

दुसरी घटना १६०९ ची. जपानच्या सात्सुमा प्रांताच्या शिमाझू घराण्याने सुमारे तीन हजार माणसं पाठवून र्‍युक्यू जिंकलं. नाहा बंदरावर त्यांच्यावर तोफा डागल्या गेल्या, म्हणजे हत्यारं तेव्हाही होती. राजा शो नेई याला कैद करून जपानला नेलं गेलं. पुढे बंदुकांवर आणि हत्यारांच्या व्यापारावर निर्बंध आले. पण उच्चकुलीन घरांमध्ये वडिलोपार्जित तलवारी राहिल्या. बंदी होती, पण गोष्टीत सांगतात तशी सरसकट नव्हती.

‘निःशस्त्र बेट’ ही कल्पना युरोपात पसरायला आणखी एक कारण झालं. बेसिल हॉल हा ब्रिटिश नौदल अधिकारी १८१६ मध्ये तिथे गेला होता. परतीच्या वाटेवर, १८१७ मध्ये, तो सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या नेपोलियनला भेटला आणि या लोकांकडे शस्त्रंच नाहीत असं त्याने सांगितलं. नेपोलियनचा त्यावर विश्वास बसेना. पाहुण्यांना जे दाखवलं गेलं तेच हॉलने पाहिलं होतं, पण किस्सा मात्र चिकटला.

मग हाताची विद्या कुणी जोपासली? ज्यांची नावं आपल्याला माहीत आहेत ते जवळजवळ सगळे पेचिन किंवा त्यांच्या आसपासच्या वर्गातले आहेत. पेचिन म्हणजे दरबारी सेवेतला वर्ग: कारकून, अंगरक्षक, पोलीस, बंदरावरचे अधिकारी, नजराण्यासोबत चीनला जाणारे लोक. यांना लिहिता-वाचता येत होतं, चीनला जाण्याची संधी होती, आणि गुन्हेगार धरणं किंवा राजाचं रक्षण करणं हे काहींचं कामच होतं. साई हे तीन टोकांचं लोखंडी हत्यार शेतात वापरायचे असं सर्रास सांगितलं जातं. शेतात त्याचा काय उपयोग, हे कुणी सांगत नाही. ते ओकिनावाच्या पोलिसांचं हत्यार होतं. दिवसभर उसाच्या आणि रताळ्याच्या शेतात राबणाऱ्या माणसाला रात्री गुरूच्या अंगणात काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, घोटायला वेळ आणि ताकद कुठून मिळणार? शेतकऱ्यांना या विद्येचा गंधही नव्हता असं मी म्हणत नाही. पण जी परंपरा आपल्यापर्यंत आली, ती शुरी, नाहा आणि तोमारी इथल्या वरच्या वर्गातून आली.

ही तीन नावं तुम्ही ‘शुरी-ते’, ‘नाहा-ते’, ‘तोमारी-ते’ म्हणून ऐकली असतील आणि पुस्तकांमध्ये त्या तीन वेगळ्या शैली म्हणून रंगवलेल्या असतात. प्रत्यक्षात ही ठिकाणं पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. एकच माणूस सकाळी एका गुरूकडे आणि संध्याकाळी दुसऱ्याकडे जाऊ शकत होता, आणि जातही होता. ही लेबलं विसाव्या शतकात रूढ झाली.

लिखित पुरावा कमी आहे, पण एक नोंद फार मोलाची आहे. १७६२ मध्ये सात्सुमाला निघालेलं र्‍युक्यूचं एक जहाज वादळात भरकटून तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागलं. तिथल्या एका विद्वानाने जहाजावरच्या शिओहिरा पेचिन या अधिकाऱ्याला नाना गोष्टी विचारून टिपून ठेवल्या. त्यात कूशान्कू नावाच्या, चीनहून आपल्या शिष्यांसह आलेल्या माणसाची हकिकत आहे. तो अंगाने अगदी काटकुळा, अशक्त दिसणारा. पण एका दांडग्या माणसाने त्याला जबरदस्तीने पकडलं तेव्हा त्याने त्याला तिथल्या तिथे लोळवलं. पद्धत अशी लिहिली आहे: एक हात छातीशी राखायचा, दुसऱ्या हाताने काम करायचं आणि पायांचा चांगला उपयोग करायचा.

कराटे करणाऱ्या कुणीही हे वाक्य पुन्हा वाचावं. पकड, पाडणं, एक हात राखून दुसरा चालवणं. यात लांबून मारलेली उंच लाथ नाही, उड्या नाहीत. कुणीतरी अंगाशी आल्यावर काय करायचं, ही विद्या आहे. कूशान्कू हा काता आजही आहे. फुनाकोशींच्या शोतोकान शैलीत त्याला कान्कू म्हणतात. त्या माणसाचा आणि या काताचा नेमका संबंध परंपरेने सांगितलेला आहे. मात्र चीनच्या सम्राटाचं राज्याभिषेकाचं शिष्टमंडळ १७५६ मध्ये नाहाला आलं होतं हे नक्की आहे, आणि तारखा जुळतात. अशी शिष्टमंडळं नवा राजा गादीवर आला की येत. तीन-चारशे माणसं, काही महिन्यांचा मुक्काम, सोबत सैनिक आणि पहारेकरी. शेवटचं शिष्टमंडळ १८६६ मध्ये आलं. त्याच्या पुढच्याच वर्षी शुरीत झालेल्या समारंभाचा कार्यक्रम उपलब्ध आहे. त्यात आरागाकी पेचिन यांनी सेसान आणि तोमुरा पेचिन यांनी सूपारिन्पेई सादर केल्याची नोंद आहे. हे दोन्ही काता आज पुण्या-मुंबईची मुलंही स्पर्धेत करतात. कराटेच्या इतिहासात इतका थेट धागा क्वचित हाताला लागतो.

या काळातलं शुरीचं सर्वात मोठं नाव मात्सुमुरा सोकोन. ते र्‍युक्यूच्या राजांचे अंगरक्षक होते. ते सात्सुमाला जाऊन तिथली जिगेन-र्‍यू ही तलवारबाजी शिकले होते. जिगेन-र्‍यूची ख्याती अशी की पहिल्याच घावात निकाल लावायचा, आणि त्यासाठी उभ्या लाकडावर शेकडो वेळा वार करायचे. शुरीच्या कराटेत एका फटक्यावर जो भर आहे आणि मकिवारावर, म्हणजे सरावाच्या उभ्या फळीवर, ठोसे मारण्याची जी सवय आहे, त्यामागे ही तलवार आहे असं मला वाटतं. म्हणजे ज्या सात्सुमाविरुद्ध कराटे जन्मलं असं सांगतात, त्याच सात्सुमाची विद्या त्यात मुरलेली आहे.

नाहाकडची ओढ मात्र सरळ फुजियानकडे. तिथल्या फुचौ शहरात र्‍युक्यूच्या लोकांसाठी खास निवास होता आणि ये-जा कायम चालू असे. हिगाओन्ना कानर्‍यो १८७० च्या दशकात तिकडे गेले, र्‍यू र्‍यू को या गुरूकडे शिकले आणि परत येऊन नाहात शिकवू लागले. उएची कानबुन १८९७ मध्ये गेले, शू शिवा यांच्याकडे शिकले. त्यांची परंपरा आज उएची-र्‍यू म्हणून ओळखली जाते. दोघांच्याही शिकवणीच्या मुळाशी सान्चिन हा एकच काता आहे, आणि हा फरक डोळ्यांनी बघण्यासारखा आहे. उएची-र्‍यूचा सान्चिन उघड्या हातांनी होतो, बोटं सरळ पुढे खुपसायची. हिगाओन्नांचे शिष्य मियागी चोजुन यांच्या गोजू-र्‍यूत त्याच काताच्या मुठी आवळलेल्या आहेत आणि श्वास घशातून घुमत, ऐकू येईल असा सोडायचा. पाय तसेच आत वळलेले, कोपर तसंच बरगड्यांशी, पाऊल तसंच चंद्रकोरीसारखं सरकवायचं. दोन्ही एकापाठोपाठ करून बघा. मुळातली फुजियानची शैली कुठे संपली आणि ओकिनावाचा हात कुठे लागला, हे अंगाला कळतं.

फुजियानचा आणखी एक पुरावा म्हणजे बुबिशी ही हस्तलिखित पोथी. ओकिनावाचे गुरू ती एकमेकांकडून उतरवून घेत आणि जपून ठेवत. त्यात श्वेत बगळा या फुजियानी शैलीची माहिती आहे, मर्मस्थानं आहेत, औषधांचे पाठ आहेत आणि दोन माणसांमधल्या झटापटीच्या ४८ आकृत्या आहेत. मियागींनी आपल्या शैलीला दिलेलं गोजू हे नाव, म्हणजे कठोर आणि मृदू, याच पोथीतल्या एका ओळीतून घेतलं. सेसान, सान्सेरू, सूपारिन्पेई ही काताची नावं म्हणजे चिनी आकडे आहेत: तेरा, छत्तीस, एकशे आठ. एकशे आठ म्हटलं की आपल्याकडे लगेच जपमाळ आठवते. तो आकडा बौद्ध परंपरेसोबत चीनभर पोचलेला होता, त्यापलीकडे त्यातून काही सिद्ध होत नाही.

यानंतर सगळं भराभर बदललं, आणि माझ्या मते कराटेच्या इतिहासातला सर्वात महत्त्वाचा, आणि सर्वात कमी सांगितला जाणारा भाग हाच आहे.

१८७९ मध्ये जपानने र्‍युक्यूचं राज्य खालसा केलं. राजा शो ताई याला तोक्योला नेलं, ओकिनावा प्रांत झाला. पेचिन वर्गाचे दर्जे गेले, पुढे उत्पन्नंही आटली. जी विद्या दरबारी नोकरीचा भाग होती, तिला आता मालक उरला नाही. फुनाकोशी गिचिन अशाच घरातले. शिक्षकाच्या नोकरीसाठी त्यांनी डोक्यावरची पारंपरिक गाठ कापली तेव्हा घरात मोठा क्षोभ झाला. रात्री ते आसातो आंको यांच्या अंगणात शिकायला जात. तेक्कीचे तीन काता शिकण्यातच त्यांची दहा वर्षं गेली. आज तितक्या वेळात मुलं ब्लॅक बेल्टच्याही पुढे गेलेली असतात.

१८९८ पासून ओकिनावात लष्करभरती सक्तीची झाली. तपासणीत काही तरुणांची शरीरं वेगळीच दणकट दिसली. ती कराटे शिकलेली होती. इथे इतोसूंनी संधी ओळखली. १९०१ मध्ये शुरीच्या प्राथमिक शाळेत आणि १९०५ पासून माध्यमिक शाळेत व अध्यापक विद्यालयात कराटे शिकवायला सुरुवात झाली. १९०८ चं ते पत्र याच प्रयत्नाचा भाग होतं. त्यात इतोसू लिहितात की मुलांना लहानपणापासून हे शिकवलं तर पुढे लष्करातही उपयोग होईल, आणि त्यासाठी वेलिंग्टनचा दाखला देतात: नेपोलियनविरुद्धची लढाई आपल्या शाळांच्या मैदानांवर जिंकली गेली, असं त्याने म्हटल्याचं. रोज एक-दोन तास सराव केला तर तीन-चार वर्षांत शरीर बदलतं, मकिवारावर शंभर-दोनशे ठोसे मारावेत, असा सल्लाही त्यात आहे. पत्र वाचताना जाणवतं की हा साधू नाही, सरकारी अधिकाऱ्यांना पटवणारा अनुभवी शिक्षक आहे.

पण शाळेत आल्यावर शिकवण्याची पद्धतच बदलली. पूर्वी एक गुरू आणि दोन-चार शिष्य असत. आता समोर पन्नास-साठ मुलांचा वर्ग आला. रांगा आल्या, मोजणी आली. गळा दाबणं, सांधा मोडणं, डोळ्यांत बोटं घालणं मुलांना शिकवता येणार नव्हतं, म्हणून उघडे हात मुठी झाले आणि काताचा अर्थ सांगणं कमी झालं. इतोसूंनी मुलांसाठी पाच छोटे काता बांधले, ते पिनान. शोतोकानमध्ये तेच हेइआन.

याचा परिणाम आजच्या वर्गात रोज दिसतो. पंच मारताना दुसरा हात कमरेशी ओढायचा, हिकिते. बहुतेक मुलांना सांगितलं जातं की याने पंचला जोर येतो. आता तोच हात समोरच्याच्या मनगटावर ठेवा आणि मग कमरेशी ओढा. समोरचा पुढे खेचला जातो, त्याचा तोल जातो, त्याचा तो हात अडकतो आणि तुमचा ठोसा त्याला येऊन भेटतो. एक हात राखायचा आणि दुसऱ्याने काम करायचं, हे कूशान्कूच्या त्या जुन्या वर्णनाशीही किती जुळतं बघा. माझ्या सीनियर विद्यार्थ्यांना मी हे जोडीने करायला लावतो, कारण रिकाम्या हवेत हिकितेचं प्रयोजन कधीच समजत नाही.

१९२२ च्या मे महिन्यात शिक्षण मंत्रालयाच्या क्रीडा प्रदर्शनात फुनाकोशींनी तोक्योत कराटे दाखवलं. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. जुदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी त्यांना कोदोकानला बोलावून प्रात्यक्षिक करून घेतलं. फुनाकोशी परत गेलेच नाहीत. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहून, तिथे झाडलोट करून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. १९२४ मध्ये केइओ विद्यापीठात क्लब निघाला आणि त्याच वर्षी त्यांनी पहिले दान, म्हणजे काळ्या पट्ट्याचे, दर्जे दिले. दान, काळा पट्टा, गी ही सगळी कानोंच्या जुदोची देणगी. रंगीत पट्टे तर युरोपातल्या जुदोतून आले.

नावही याच काळात बदललं, आणि तो राजकारणाचा भाग होता. आधी ‘कारा’ हे अक्षर चीनच्या तांग घराण्याचं होतं. एकोणीसशे तिसाच्या दशकात जपान चीनशी लढत असताना ते कुणाला चालणार? त्याऐवजी त्याच उच्चाराचं ‘रिकामा’ या अर्थाचं अक्षर आलं. हानाशिरो चोमो यांनी ते १९०५ मध्येच वापरलं होतं. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहात एका वृत्तपत्राने बोलावलेल्या बैठकीत ओकिनावाच्या ज्येष्ठ गुरूंनी त्यावर संमती दिली. त्या बैठकीला हानाशिरो, मियागी, मोतोबू चोकी, क्यान चोतोकू असे दिग्गज होते. आज ओकिनावात २५ ऑक्टोबर हा कराटे दिन आहे. फुनाकोशींनी काताची नावंही जपानी केली: नाइहान्ची तेक्की झाला, सेसान हान्गेत्सू झाला, वान्शू एन्पी झाला. तोक्योच्या विद्यार्थ्यांना नावं सोपी झाली, पण त्या नावांत असलेली फुजियानची खूण पुसली गेली. ‘कराटे जपानी आहे’ हा समज इथून घट्ट झाला.

मबुनी केनवा यांनी ओसाकात इतोसू आणि हिगाओन्ना या आपल्या दोन्ही गुरूंच्या नावांतली अक्षरं घेऊन शितो-र्‍यू काढली. ओत्सुका हिरोनोरी यांनी फुनाकोशींकडून घेतलेलं कराटे आपल्या जुजुत्सूत मिसळून वादो-र्‍यू केली. कराटेची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली ती १९५७ मध्ये, ज्या वर्षी फुनाकोशी गेले.

मग इतका पुरावा कमी का? १९४५ च्या एप्रिल ते जूनमध्ये ओकिनावात झालेल्या लढाईमुळे. जपानी सैन्याचं मुख्यालय शुरीच्या किल्ल्याखाली होतं आणि किल्ला, आसपासची जुनी घरं, घराघरांतली वंशावळीची आणि दरबारी कागदपत्रं जळून गेली. क्यान चोतोकू त्याच वर्षी निर्वासितांच्या छावणीत वारले. त्यामुळे जुन्या गुरूंच्या जन्म-मृत्यूच्या तारखाही पुस्तकागणिक वेगळ्या मिळतात. कुणी फार छातीठोकपणे ‘अमुक साली अमुक गुरूने’ असं अठराव्या शतकाबद्दल सांगितलं, तर पुरावा विचारा.

राहिला पालकांचा नेहमीचा उपप्रश्न, की मग मूळ कराटे कोणत्या शैलीत आहे. शोतोकान, गोजू, शितो, वादो या चारही शैली विसाव्या शतकातल्या आहेत. यांतली कुठलीही एक ‘अस्सल’ आणि बाकीच्या नकली असं नाही. एक करून बघा. १८६७ च्या त्या कार्यक्रमातला सेसान काता आज गोजू, शितो आणि उएची-र्‍यूत त्याच नावाने आहे, वादोत सेशान म्हणून आहे, शोतोकानमध्ये हान्गेत्सू म्हणून. इंटरनेटवर या सगळ्यांचे चांगले व्हिडिओ मिळतात. गोजूचा सेसान आणि हान्गेत्सू आधी शेजारी-शेजारी लावा. सुरुवातीची सरळ पुढे टाकलेली तीन पावलं दोन्हीकडे आहेत, अर्धवर्तुळात सरकणारा पाय दोन्हीकडे आहे, फक्त एकात उभं राहणं आखूड आणि दुसऱ्यात लांब. मग उएचीचा लावा आणि हात कुठे उघडे राहिले, कुठे मिटले ते बघा.